बाबा शोधा, बोंब सापडेल

आमच्या सोसायटीची इतिवृत्तं एकदाची कॉम्प्युटरवर चढली आणि त्यांत शोधायची सोयही झाली. सेक्रेटरींनी हौसेनं 'ए-विंग' टाईप केलं. उत्तर आलं, 'नो सच कॉलम : विंग'. विंगला कॉलमच नाही! स्ट्रक्चरल ऑडिटचे पैसे नुकतेच भरलेल्या सभासदांचे चेहरे पाहण्यासारखे होते.

खाली डेटाबेस एसक्यूलाइट. तुमच्या मोबाईलमध्येही तोच असतो. त्याच्या एफटीएस-५ या शोधयंत्राला मधली रेघ हा हुकूम वाटतो : पुढे नाव आहे तो कॉलम वगळ. विंग नावाचा कॉलम नसतो, मग ते रुसतं. शब्द दुहेरी अवतरणात घातला की मुकाट्यानं शोधतं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या बुलियन शोधात शब्दाआधीच्या रेघेचा अर्थ 'हा नको'. 'वसई -विरार' असं लिहिलं, की विरारचा उल्लेख असलेलं पानच गायब. विरार लोकलमध्ये चढलेल्या वसईकराला यात नवल वाटणार नाही.

पण ही सगळी रेघेची भांडणं. खरा घोळ काना-मात्रांचा आहे.

युनिकोडच्या दप्तरी काना, वेलांटी, उकार ही 'अक्षरं' नव्हेत, 'चिन्हं' आहेत. एफटीएस-५ मुळात अक्षरं आणि अंक एवढेच शब्दात धरतं. बाकी सगळं त्याच्या लेखी स्वल्पविराम. त्यामुळे 'पुणे'तून उरतात फक्त प आणि ण. 'पेण'मधूनही तेच, आणि 'पाणी'तूनही तेच. पुणे शोधा, पाणी येतं. सोसायटीच्या इतिवृत्तात म्हणजे प्रत्येक सभा येते. 'काका' शोधले की मागोमाग काकू, हे एक वेळ रीतीला धरून आहे. पण 'बाबा' शोधले तर बोंब सापडते! 'आई' तेवढी शाबूत, कारण आ आणि ई दोन्ही पूर्ण अक्षरं. तिला कुठल्याही घरात धक्का लागत नाहीच म्हणा.

ऱ्हस्व-दीर्घावरून हमरीतुमरीवर येणाऱ्या आम्हा मंडळींना हे फार लागलं. इथे पहिली वेलांटीही गेली आणि दुसरीही.

उपाय अगदीच किरकोळ आहे. तक्ता बनवताना 'कॅटेगरीज'च्या यादीत 'एमएन' आणि 'एमसी' हे चिन्हांचे दोन वर्ग वाढवायचे. आधीच बनलेला असेल, तर नव्यानं बनवून भरायचा. मराठी मजकुराचं ॲप करणाऱ्यांनी ते गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी एकदा 'पेण' शोधून बघावं. पाणी आलं, तर हे दोन वर्ग राहिलेत.