पाच हजार वॅटची डिक्की

माझ्या पुतण्याच्या गाडीच्या डिक्कीत पाच हजार वॅट राहतात. आमच्या गावाकडच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे, तिचे भरतात ३,७३०. म्हणजे कागदोपत्री पुतण्याच्या अ‍ॅम्प्लिफायरवर कपाशीचं एक पाणी होऊन वर हरभराही भिजायला हरकत नाही. विहिरीवरच्या मोटरला ११ केव्हीची लाइन लागते, डीपी लागते, तीन फेज लागतात, स्टार्टर लागतो आणि डीपी जळाली की वर्गणी गोळा करणारा एक चिवट माणूस लागतो. डिक्कीतल्या पाच हजारांच्या मागे मात्र बॉनेटखालची एक बारा व्होल्टची बॅटरी उभी आहे. तिचा आकार साधारण फरसाणाच्या डब्याएवढा.

"हे पाच हजार येतात कुठून?" मी विचारलं.

"काका, स्टिकरवर लिवलेलं हाये ना!"

बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसानं असं बोलावं याचं मला खरं दुःख आहे. लाइट या विषयात आमच्या इथलं शेंबडं पोरही पदवीधर असतं. रात्रपाळीचं थ्री फेज किती वाजता येणार, कोणता फेज गेलाय, कोणाच्या मोटरचा कंडेन्सर उडाला, हे सगळं बांधावर उभ्या उभ्या ठरतं. हाच पुतण्या विहिरीवर स्टार्टरचं बटण दाबायच्या आधी व्होल्टमीटरचा काटा पाहतो आणि काटा साडेतीनशेच्या खाली असेल तर मोटरीला हात लावत नाही. तोच गाडीत बसला की वीज स्टिकरमधून येते.

हिशेब काही अवघड नाही. पाच हजार भागिले बारा, म्हणजे ४१६ अँपिअर. गाडी चालू असताना बॅटरी भरण्याचं आणि बाकी सगळं चालवण्याचं काम डायनामो करतो. लहान गाडीचा डायनामो भरात असला तरी ६०-७० अँपिअर देणार. चौदा व्होल्टनं गुणा, नऊशे वॅटच्या आसपास आकडा येतो. त्यात हेडलाइटचे ११०, एसीचा पंखा, पेट्रोलचा पंप, इंजिनाचा कॉम्प्युटर, पाऊस असेल तर वायपर. एवढ्या घेणेकऱ्यांनंतर जे उरेल ते संगीताचं.

खरा आकडा पाहायचा तर स्टिकरकडे पाठ फिरवून अ‍ॅम्पच्या मागचा फ्यूज पाहावा. फ्यूजला मार्केटिंग येत नाही. पुतण्याच्या अ‍ॅम्पला एकच फ्यूज होता, ३० अँपिअरचा. तीस गुणिले चौदा, ४२० वॅट. त्याहून जास्त तो फार वेळ ओढूच शकत नाही, ओढले तर फ्यूज राम म्हणतो. त्यातही जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये आत गेलेल्या विजेतली निम्म्याजवळ नुसती उष्णता होते. बुफरपर्यंत पोचणार ते अडीचशेच्या मागेपुढे. बाकी पावणेपाच हजार वॅट छापखान्याचे.

बरं, हे अडीचशे तरी सुखानं पोचावेत! पण बॅटरीपासून डिक्कीपर्यंत घरफिटिंगमधून उरलेली अडीच स्क्वेअर एमएमची वायर टाकलेली. घरात ती गिझर चालवते म्हणून इथंही चालेल, असा युक्तिवाद. घरात २३० व्होल्ट असतात. त्यातला एक वाटेत सांडला तर कोणाला कळतही नाही. बारा व्होल्टच्या घरात एक व्होल्ट म्हणजे बारातला एक वाटा, आणि पाच मीटर अडीचच्या वायरमधून तीस अँपिअर ओढले की तेवढा वायरच खाऊन टाकते. खाते आणि तापते. अर्थिंगचा स्क्रू तर रंगावरच आवळलेला होता. रंगातून वीज जात नाही, हे कोणी तरी त्या स्क्रूला सांगायला हवं होतं.

याचा साक्षात्कार बोथ्याच्या घाटात झाला. खामगावला लग्नाला निघालो होतो, दिवेलागण झालेली. दोन्ही बाजूंना ज्ञानगंगा अभयारण्य. टिपेश्वरहून तेराशे किलोमीटर चालत एक वाघ २०१९ च्या डिसेंबरात इथं येऊन पोचला होता, तो शांतता शोधत आला असावा असा माझा समज आहे. पुतण्यानं गाणं लावलं. ढम् झालं की हेडलाइट मंद, पुढचं वळण गायब. ढम् संपलं की वळण हजर. मी आयुष्यात इतक्या एकाग्रतेनं ताल ऐकलेला नाही. वळण समेवर येऊ नये, एवढीच प्रार्थना चालली होती.

खामगावात उतरल्यावर कोणी तरी सल्ला दिला, एक फॅरडचा कंडेन्सर लाव. चकचकीत नळकांडं, वर निळे आकडे. दिसतं छान. पण चौदा व्होल्टवरून बारावर येईपर्यंत त्यातून २६ जूल निघतात. ४२० वॅटला ते सहा शतांश सेकंद पुरतात. म्हणजे 'ढम्'मधला 'ढ' कंडेन्सरचा, 'म्' पुन्हा बॅटरीच्या बोकांडी.

दुसऱ्या दिवशी तीच गाडी फुलं लावून वरातीत निघाली. आता वरातीचा वेग सगळ्यांना ठाऊक आहे. पोरं नाचतात, गाडी इंच इंच सरकते, इंजिन आयडलवर. डायनामो कमीत कमी देतो तो नेमका तेव्हाच. आणि आवाज जास्तीत जास्त लागतो तोही तेव्हाच. त्यात डिझेल-पेट्रोल वाचवणारा एक मामा प्रत्येक वरातीत असतो. त्यानं थांबल्यावर इंजिन बंद करायला लावलं. ३५ एएचची बॅटरी ३५ अँपिअर तासभर देते असा लोकांचा समज आहे. तो आकडा वीस तास हळूहळू काढायचा असतो, पावणेदोन अँपिअरनं. आमचं गाणं दुसऱ्या कडव्यात घोगरं झालं, तिसऱ्यात अ‍ॅम्पनं मान टाकली. सेल्फ मारला तर नुसतं टिक्. नवरदेव उतरला आणि फेट्यासकट धक्का मारायला लागला. वरातीत तेवढ्या वेळात सगळ्यात जोरदार दाद त्यालाच मिळाली.

शेजारून प्रचाराची एक रिक्षा गेली. टपावर भोंगा, मागे एक जादा बॅटरी. तीस-चाळीस वॅटवर पठ्ठ्या सकाळपासून गल्ल्या दणाणत होता! भोंगा एका वॅटला मीटरभर अंतरावर १०५ डेसिबलच्या घरात आवाज काढतो, बुफर ८५-९० वर अडतो. तेवढा फरक भरून काढायला तीस ते शंभरपट वॅट लागतात. भोंग्यातून ढम् निघत नाही हे कबूल, आणि उमेदवाराला ढम् नको असतं हेही. मोठे डीजेवाले तर यात पडतच नाहीत, गाडीच्या बॅटरीवर त्यांचा काडीचा विश्वास नसतो. त्यांचा जनरेटर वेगळा, त्याचं डिझेल वेगळं. रात्री दहाची मर्यादा मात्र त्यांनाही लागू, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांपासून.

चिखलीच्या मिस्त्रीनं गाडी पाहिली आणि आधी वायर उपटून पुतण्याच्या हातात दिली. "ही घरी नेय, झिरोच्या बल्बाले लावजो." मग वेल्डिंगची २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज, रंग खरवडून अर्थ, बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि डायनामोपासून बॅटरीला तेवढीच जाड वायर. जुन्या फ्यूजभोवती पुतण्यानं तार गुंडाळली होती, डीपीवरची सवय. ती पाहून मिस्त्रीनं डोळे मिटले. "फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसते बावा, वायर पेटू नाई म्हनून असते." अ‍ॅम्पही बदलला. क्लास डीचा, स्टिकरवर फक्त ३००, आणि आवाज आधीपेक्षा चांगला. दिवे आता ताल धरत नाहीत.

इथं थांबायला हवं होतं. पण आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात, हे मिस्त्रीच्या तोंडून निघालं आणि पुतण्याचे डोळे चमकले. परवा तो टेप घेऊन मागची सीट मोजत होता.

"दुसरी बॅटरी बसवतो काका. डिक्कीत बुफर हाये, म्हनून सीट काढा लागते."

"मग मी कुठं बसू?"

"तुमाले खामगाव गाडी हाये ना. एसटीत हाफ तिकीट लागते तुमाले."