सिलिंडरच्या झिजेचा पंचनामा कसा करावा

जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन खोलून त्याचे हेड एकदा पोत्यावर येऊन विसावले म्हणजे, ज्यांचा यंत्रशास्त्राशी आजवर कसलाही संबंध आलेला नव्हता अशा साऱ्या गावकऱ्यांना सिलिंडरच्या प्रकृतीविषयी निश्चित आणि बहुधा परस्परविरोधी मत प्राप्त होते; सबब सूज्ञ मालकाने तपासणीचा आरंभ मोजण्यापासून नव्हे, तर उपस्थितांना चहा पाजून सन्मानाने अंगणाबाहेर काढण्यापासून करावा.

उदाहरणादाखल बी-२७५ घेऊ. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीने हिंदुस्थानात बांधलेला हा लहानखुरा डिझेल ट्रॅक्टर कित्येक गोठ्यांशेजारी अद्याप मानाने उभा असतो. चार सिलिंडर, प्रत्येकाचा मूळ व्यास तीन इंच तीन सूत, स्ट्रोक चार इंच, आणि आत लायनर बसवलेला. आरोपी हा लायनर होय.

बाह्य पुरावा विपुल असतो, पण त्याच्यावर विसंबून निकाल देऊ नये. निळा धूर येतो, परंतु तो झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधूनही येऊ शकतो. ब्रीदरमधून फुसफुस ऐकू येते, परंतु एखादी रिंग कार्बनने जाम झाली असली तरी तीच फुसफुस होते. ऑइल कमी पडते, परंतु चेंबरखालची जमीन काळी झाली आहे किंवा नाही हे पाहण्याइतके वाकण्यास कोणी तयार नसते. हा मजकूर संशय म्हणून दप्तरी दाखल करावा आणि पुढे जावे.

यानंतर मिस्त्रींचा अंगठा येतो. सिलिंडरच्या तोंडापासून थोडे खाली नख फिरवले असता एक पायरी लागते, आणि ही पायरी खरी साक्षीदार आहे, याबद्दल दुमत नाही. पिस्टन वरच्या टोकाला येऊन क्षणभर थबकतो त्या ठिकाणी जळत्या वायूचा दाब वरच्या रिंगेला भिंतीवर रेटतो, उष्णतेने ऑइलचा पापुद्रा विरळ होतो, आणि म्हणून झीज तेथे सर्वांत अधिक होते. त्याच्याही वर रिंग कधी पोचतच नसल्यामुळे तेवढी पट्टी मूळ व्यासाचीच राहते. मात्र नख लावण्यापूर्वी कार्बन खरवडून काढावा, नाहीतर कार्बनचीच पायरी झीज म्हणून नोंदली जाते. पायरी खरी निघाली तर तिची गय करू नये, कारण कोऱ्या कडेची नवी रिंग तिच्यावर आपटून मोडते. एवढे सारे मिस्त्रींना मान्य असते. पंचाईत पुढे आहे. मिस्त्री डोळे मिटतात, अंगठा फिरवतात आणि म्हणतात, “आठ थाऊ, मालक,” म्हणजे इंचाचे आठ हजारांश. हाच अंगठा, मालकाचे उसाचे बिल नुकतेच जमा झाले असल्यास, त्याच लायनरमध्ये बारा थाऊ सांगतो, आणि पेरणी तोंडावर असून मालक घायकुतीला आला असल्यास, “रिंगा टाका, अजून दोन हंगाम काढील बघा,” असा दिलासा देतो. अंगठा बोअरचे माप घेत नसून मालकाचे घेत असतो, हे ध्यानात आल्यावर बोअर गेज कोणाकडून तरी मागून आणावे.

गेज वापरण्याची रीत सरकारी मोजणीइतकीच कंटाळवाणी आहे व तिच्यात तितकीच तडजोड चालत नाही. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, अशा ३ ठिकाणी मोजावा. प्रत्येक ठिकाणी एकदा क्रँकच्या रेषेत आणि एकदा तिला आडवे, कारण कनेक्टिंग रॉड तिरपा झाला म्हणजे पिस्टनचा रेटा आडव्या बाजूवरच पडतो आणि बोअर लंबवर्तुळाकार होतो. चार सिलिंडरांची एकूण २४ मापे होतात. सातव्या मापाला प्रेक्षकांपैकी कोणी “राहू द्या आता” म्हणेल. त्याला दुसरा चहा द्यावा.

गेज न मिळाल्यास एक रिंग आणि फिलर गेज पुरते. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टन उलटा करून तिला सरळ खाली ढकलावे, म्हणजे ती तिरपी बसत नाही, आणि तिच्या दोन टोकांतली फट मोजावी. प्रथम पायरीच्या लगेच खाली आणि मग अगदी तळाशी, जेथे रिंगा फिरकत नाहीत. समजा वर ३८ थाऊ भरली, खाली १६. फरक २२. व्यास वाढला की परीघ बावीस-सप्तमांश पटीने वाढतो, एवढे शाळेतले गणित लक्षात असेल तर उत्तर तोंडी येते: व्यास ७ थाऊंनी वाढला आहे. फरकाच्या या हिशेबाला जुनी रिंगही चालते, कारण तिची स्वतःची झीज दोन्ही मापांत सारखीच असते. नव्या रिंगेची फट बरोबर बसते का, हे मात्र नव्या रिंगेनेच पाहावे.

आता फैसला. कंपनीच्या पुस्तकातला आकडा अंतिम मानावा. ते पुस्तक उंदरांच्या स्वाधीन झाले असेल तर, या मापाच्या बोअरला सात-आठ थाऊंपुढे नुसत्या रिंगांवर भागवणे म्हणजे ऑइलच्या दुकानदाराशी दीर्घ मुदतीचा करार करणे होय. झीज वरच्या बाजूस विलक्षण जास्त आढळल्यास एअर क्लीनरची वाटी उघडावी. तिच्यातल्या तेलाचा चिखल झालेला असेल, किंवा खालच्या रबरी होजचा क्लिप गतवर्षीच बेपत्ता झालेला असेल, आणि नांगरटीची धूळ तेव्हापासून बिनपरवाना आत जात असेल. तो क्लिप न बसवता नवा लायनर टाकणाऱ्या इसमास पुढच्या खर्चाबद्दल तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही.

दोनच सिलिंडर झिजलेले निघाले तरी दुकानात लायनर-पिस्टनचा संच चौघांचाच मिळतो, आणि इंजिन उघडलेच आहे तर चारही बदलावे या मुद्द्यावर दुकानदार, मिस्त्री व टर्नर यांच्यात अपूर्व एकमत होते. या एकमताला मुकाट्याने संमती द्यावी. ते बरोबरही असू शकते. सेमी-फिनिश लायनर मिळाल्यास तोंडी माप सांगून बोअरिंग करवू नये. चारही पिस्टन टर्नरकडे नेऊन, प्रत्येकाचा स्कर्ट मोजवून, ज्याच्या त्याच्या मापाने बोअर ओढून घ्यावा, आणि जोडीचे आकडे पिस्टनच्या माथ्यावर व ब्लॉकवर पंचने मारून घ्यावेत. खडूने लिहिलेले आकडे, मिस्त्रींचा मदतनीस डिझेलने ब्लॉक धुतो तेव्हा, सर्वप्रथम जातात.