पिवळा गोळा पुढे, निळा गोळा मागे

पोहरादेवीला रेल्वे येत नाही. विमानाचा तर प्रश्नच नाही. मानोऱ्याहून किंवा दिग्रसहून एसटी येते, आणि ज्या वेळेला येते तीच तिची वेळ, असं आम्ही मानून घेतलं आहे. अशा गावात बसून मी अंतराळविमानं बनवतो. त्याला परवाना लागत नाही, जमीन लागत नाही. जुना लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि घरच्यांची सहनशक्ती एवढ्यावर भागतं.

‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा तो गेम. मेक्सिको सिटीतल्या स्क्वॉड नावाच्या कंपनीनं तो केला. 2011 मध्ये तो लोकांच्या हाती आला आणि 2015 मध्ये पूर्ण झाला. ही कंपनी मूळची जाहिरातीच्या धंद्यातली. म्हणजे आपलं काम सोडून भलत्याच कामात रमणारी माणसं तिकडेही आहेत, हा मला मोठा आधार वाटतो. गेममध्ये कर्बिन नावाचा ग्रह आहे आणि त्यावर मोठ्या डोक्याचे, हिरवे, बुटके लोक राहतात. त्यांना अंतराळात जायची हौस भारी. यान बनवण्याची जबाबदारी मात्र आपली. गुरुत्वाकर्षण, हवेचा विरोध, इंधनाचं वजन यांत कसलीही सूट नाही. सूट एकच. पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर, तर कर्बिनची फक्त 600. त्यामुळे पृथ्वीभोवती फिरत राहायला सेकंदाला 7,800 मीटरच्या आसपास वेग लागतो, तिथे सुमारे 2,300 मीटरमध्ये काम होतं. म्हणूनच खऱ्या जगात अजून कुणालाही न जमलेली गोष्ट तिथे जमू शकते: धावपट्टीवरून उडायचं, वाटेत एकही भाग न टाकता कक्षेत जायचं, सगळंच्या सगळं परत आणायचं, आणि इंधन भरून पुन्हा निघायचं.

रॉकेट बनवणं त्या मानानं सोपं. कमी पडलं की आणखी एक टाकी लावा, टाकी जड झाली की आणखी एक इंजिन लावा, आणि जे रिकामं होईल ते समुद्रात सोडून द्या. मला हे सोडून देणं जमत नाही. माझी बायको याला कंजूषपणा म्हणते, इस्रो याला पुनर्वापर म्हणते.

त्यातही मला विमान लहान हवं. एक माणूस, एक इंजिन, दोन पंख, संपलं. इंजिन ‘रॅपियर’. खाली असताना ते बाहेरची हवा घेऊन इंधन जाळतं. पंचवीसेक किलोमीटरवर हवा विरळ झाली की स्वतःजवळचा ऑक्सिडायझर वापरू लागतं. ब्रिटनच्या रिअ‍ॅक्शन इंजिन्स कंपनीच्या ‘सेबर’ इंजिनाच्या कल्पनेवर ते बेतलेलं आहे. त्या कंपनीनं पस्तीसेक वर्षं खपून अखेर ऑक्टोबर 2024 मध्ये दिवाळं जाहीर केलं. खरं इंजिन धावपट्टीवर आलंच नाही; खोटं आमच्या ओसरीवर रोज पेटतं.

लहान विमानाचा शत्रू म्हणजे चांगल्या सूचना. बायकोनं विचारलं, “रात्री उतरायचं झालं तर याला दिवे कुठेत?” दिवे लावले. दिव्यांना वीज हवी, म्हणून बॅटरी आली. बॅटरी चार्ज व्हायला सोलर पॅनेल आलं. पॅनेलच्या वजनामुळे इंधन कमी पडलं, म्हणून टाकी वाढवली. टाकीमुळे पंख वाढले. पंखांमुळे चाकं वाकडी धावू लागली. एका दिव्यापोटी विमान दीडपट झालं. याडीची, म्हणजे आईची, चिंता निराळीच होती: “त्या पोराच्या जेवणाचं काय?” या गेममधल्या अंतराळवीरांना जेवण लागत नाही, असं मी सांगितलं. ज्या घरात पाहुणा न जेवता जात नाही, त्या घरात हे स्पष्टीकरण टिकलं नाही. याडीच्या मते विमान पडतं ते म्हणूनच.

पडण्याचं शास्त्रीय कारण मात्र दोन गोळ्यांत आहे. विमान जोडताना पडद्यावर एक पिवळा गोळा दिसतो, तो वजनाचा मध्य. दुसरा निळा, तो पंखांच्या उचलीचा मध्य. पिवळा किंचित पुढे आणि निळा त्याच्या जरा मागे असला, की विमान सरळ उडतं. मी अगदी काटेकोर जुळवायचो. जाताना विमान झकास जायचं. परतताना मात्र वातावरणात शिरलं की गर्रकन फिरायचं आणि शेपूट पुढे करून खाली यायचं. खिडकीत जेबेडाया नावाचा वैमानिक तेव्हाही दात काढून हसत असायचा. भीती हा प्रकार त्याला ठाऊकच नाही. ती सगळी आमच्या वाट्याला आली आहे.

बापू, म्हणजे माझे वडील, एकदा मागे येऊन उभे राहिले. घरात ते गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत, बोलतात, इथे मी वऱ्हाडीत देतो.

“हे हिरवं पोरगं कोन्हाचं हाय?”

“कंपनीचं.”

“मंग ते उलटं काहून येऊन राह्यलं?”

मी दोन्ही गोळे दाखवले. टाक्या पुढे आहेत, जड इंजिन मागे आहे, इंधन जळून गेलं की पिवळा गोळा मागे सरकतो आणि निळ्याला ओलांडतो, हे सगळं समजावलं. बापूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “भरल्यावर तं बैलाचा तोल कोनीबी सांभायते. अर्धी गोनी खाली झाल्यावर सांभाय, मंग म्हनीन.”

आमचे पूर्वज लदेणी करायचे. शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून तांडा मुलूखभर फिरायचा. मोगलांच्या फौजांनाही रसद पुरवायचा. रेल्वे आली आणि तो धंदा मोडला. बापूंनी स्वतः लदेणी पाहिलेली नाही, पण त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं सगळं त्यांना पाठ आहे. त्यात 5 ऑक्टोबर 2024 ला गावात पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत नंगारा वस्तुसंग्रहालयाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून घरच्या विमान खात्यातही बापूंचा शब्द अखेरचा झाला आहे. मुद्दा मात्र त्यांचा बिनतोड होता. भरलेलं विमान मी जुळवत होतो. परत येणारं विमान रिकामं असतं, आणि ते वेगळंच विमान असतं. मी टाक्या पिवळ्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंना वाटून टाकल्या. उरलंसुरलं इंधन उतरण्याआधी पुढच्या टाकीत ओढून घेऊ लागलो. शेपूट मागे राहू लागलं.

मग रामनवमी आली. सेवालाल महाराजांच्या समाधीच्या आणि जगदंबेच्या दर्शनाला तेलंगणा, आंध्र, कर्नाटकातून माणसं लोटतात, आणि त्यातली बरीच आमच्याकडे उतरतात. दर्शन झालं, जेवण झालं, की लॅपटॉपभोवती बैठक. एका पाहुण्यानं सांगितलं, आपल्या शिवकर बापूजी तळपद्यांनी 1895 सालीच मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं होतं. मी म्हटलं, गोष्ट छान आहे, पण त्या काळचा भरवशाचा पुरावा सापडत नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला लोक देतात, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये दाखवून दिलं आहे. पाहुणे क्षणभर माझ्या विमानाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “हे तरी कुठं उडून राह्यलं?”

दुसरे पाहुणे थेट पुष्पकावर गेले. त्यात कितीही माणसं बसली तरी एक जागा रिकामी राहायची म्हणे. माझ्या विमानात जागाच एक, आणि तिथे जेबेडाया. पण काम झाल्यावर रामानं पुष्पक कुबेराला परत पाठवलं, ही गोष्ट मला फार आवडते. इस्रोच्या पंखवाल्या यानाचं नावही पुष्पकच आहे. 23 मे 2016 ला त्याचा पहिला नमुना श्रीहरिकोट्याहून 65 किलोमीटर उंचीवर गेला आणि ठरल्याप्रमाणे बंगालच्या उपसागरात उतरला. पुढचं शिक्षण उलट्या बाजूनं झालं, आधी उतरणं. 2 एप्रिल 2023 ला चित्रदुर्गजवळ चिनूक हेलिकॉप्टरनं त्याला साडेचार किलोमीटरवरून सोडलं आणि ते आपलं आपण धावपट्टीवर आलं. मार्च 2024 मध्ये पुन्हा उतरवलं, आणि जूनमध्ये तेच धड, तीच यंत्रणा घेऊन आणखी एकदा. एवढी मोठी संस्था उतरण्यावर वर्षं घालवते, हे मी बायकोला मुद्दाम ऐकवलं.

आणि त्याच गर्दीत, व्होल्टेज खालीवर होत असताना, माझं विमान कक्षेत जाऊन परत आलं. नाक वर धरून हवेत शिरलं, लालभडक झालं, सावरलं. धावपट्टीच्या पलीकडच्या समुद्राला या खेपेला त्याचं दर्शन घडलं नाही. चाकं टेकली, ब्रेक लागले, पंख दोन्ही जागेवर. ओसरीवर टाळ्या पडल्या. याडीनं देवीला हात जोडले. बापू पुढे वाकले आणि त्यांनी विचारलं, “येतानी काय आनलं?”

“काही नाही. परत आलं, हेच मोठं.”

“रिकामं गेलं अन् रिकामं आलं? मंग गेलं काहून होतं?”

लदेणीत रिकामी फेरी नव्हती. वऱ्हाडातून कापूस जायचा, येताना मीठ यायचं. मी अमेरिकेच्या शटलचा दाखला काढायला गेलो. भरकटलेले दोन उपग्रह, पालापा आणि वेस्टार, नोव्हेंबर 1984 मध्ये त्यानं पोटात घालून जमिनीवर आणले होते. हे सांगून मी बापूंचीच बाजू मजबूत केली, हे बोलता बोलता लक्षात आलं. सगळ्या पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

सध्या विमानाला मालखाना बसवतो आहे. त्यापायी टाकी वाढली, टाकीपायी पंख वाढले, पिवळा गोळा निळ्याच्या मागे गेला. मालखान्यात मिठाची किती पोती बसतील याचा हिशोब बापूंनी पाहुण्यांना घेऊन केला आहे. कक्षेत मीठ कुठे मिळतं, एवढं शोधायचं काम फक्त माझ्याकडे ठेवलं आहे.