तळणीच्या तेलाचे कारभारी

दिवाळीचं तळण आटोपतं, गॅस बंद होतो, सकाळपासून झाऱ्याशी झुंजलेली बाई कपाळ पुसत पंख्याखाली जाऊन बसते आणि नेमक्या त्याच वेळी घरातले एक गृहस्थ स्वयंपाकघरात शिरतात. वय साठीच्या पुढे, नोकरी बहुधा बँकेत नाहीतर लेखा विभागात झालेली, हातात नरसाळं, गाळणी आणि जुन्या धोतराचा स्वच्छ धुतलेला तुकडा. चकलीला काटे आले का, करंज्या फुटल्या का, यात त्यांना रस नसतो. त्यांचा जीव अडकलेला असतो तो कढईच्या तळाशी. तेल निवेपर्यंत ते तिथून हलत नाहीत, कारण मध्येच कोणी ते ओतून टाकलं तर? दर सोसायटीत असा एक तरी कारभारी असतो आणि त्याच्याबद्दल घरचे, शेजारी आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशी यांचं एकमत असतं की माणूस चिक्कू आहे. मला हे निदान साफ चुकीचं वाटतं. चिक्कूपणाला फार मोठी शिस्त लागते आणि ती या गृहस्थांच्यात औषधालासुद्धा सापडत नाही. उरलेलं तेल जपणारा माणूस मुळात उधळ्या असतो. तो काय वाचवतो हे सगळे पाहतात, त्यापायी काय उडवतो ते कोणी मांडून पाहत नाही, एवढंच.

त्यांच्या कारभाराची पद्धत पाहिली तर निदान कुठे चुकतं ते कळेल. ओट्याखालच्या कपाटात जॅमच्या, लोणच्याच्या, कॉफीच्या रिकाम्या बरण्या ओळीने उभ्या असतात आणि प्रत्येकीवर चिठ्ठी असते : ‘कुरड्या-पापड, एकदा’, ‘पुऱ्या, दोनदा’, ‘भजी, वरचं’, ‘भजी, खालचं’. यामागे ज्ञान आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. कुरड्या-पापडांनंतर तेल जवळजवळ होतं तसंच राहतं. शंकरपाळ्यांचं पीठ तळाशी बसतं, अनारशांची खसखस तेलात सुटते, बेसनाचे कण मात्र पुढच्या वेळी तापले की करपतात आणि सगळ्या तेलाला काळं करतात. मासे तळलेलं तेल तर वेगळ्याच बिऱ्हाडात राहतं. हे सगळं घरातल्या बाईलाही ठाऊक असतं, किंबहुना गृहस्थ ते तिच्याकडूनच शिकलेले असतात. पण ती ते तेल दोन दिवसांत फोडणीला आणि थालीपिठाला घालून संपवते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा घरांना दिलेला सल्लाही हाच आहे : तळलेलं तेल गाळून घ्या, पुन्हा तळणाला न घेता भाजी-आमटीला वापरा आणि एक-दोन दिवसांत संपवा. खरी काटकसर ती हीच. तिला बरणी लागत नाही, चिठ्ठी लागत नाही. कारभाऱ्यांना मात्र खातं मिटवायचंच नसतं. शिल्लक पुढे ओढायची, तीवर चिठ्ठी डकवायची आणि मग तिला शोभेल असं काहीतरी भव्य कार्य शोधत बसायचं, हा त्यांचा खरा छंद.

हल्ली हे भव्य कार्य त्यांना मेयोनीजच्या रूपाने सापडलं आहे. नातवंडं ब्रेडला, फ्रँकीला, मोमोला आणि एखादवेळी चपातीलाही जो पांढरा लेप लावून खातात, त्याच्या बाटलीची पाठ कारभारी भिंग घेऊन वाचतात आणि घटकांच्या यादीत पहिलं नाव तेलाचं पाहून थक्क होतात. आंबटपणा आणि दाटपणा यांच्या आड लपवून हे लोक आपल्याला तेल विकतात! शंका बिनबुडाची नाही. अमेरिकेच्या कायद्यानुसार मेयोनीज म्हणवून घ्यायचं तर त्यात वजनाने किमान ६५ टक्के वनस्पतिजन्य तेल असावं लागतं आणि घरगुती कृतींत ते पाऊण भागाच्याही वर जातं. म्हणजे कपाटातल्या बरण्यांना अखेर एक गिऱ्हाईक मिळालं जे एका बैठकीत वाटीभर तेल गिळतं. आता मांडणी करू. वाटीभर तळणीचं तेल नव्याच्या भावाने धरलं तरी साधारण तीसेक रुपयांचं. ते वाचवण्यासाठी लागतं एक अंडं, लिंबू, मोहरीची पेस्ट (जी घरात नसते, म्हणून अख्खी बाटली येते), व्हिनेगर (तेही नसतं) आणि हातात धरायचा ब्लेंडर, कारण मिक्सरच्या मोठ्या भांड्यात एका अंड्याचा बलक पात्याच्या खालीच राहतो. चिक्कू माणूस या यादीच्या दुसऱ्या ओळीवरच थांबला असता. त्याने तर मेयोनीज ही वस्तूच घरात येऊ दिली नसती.

मेयोनीजचा स्वभावही असा की त्यात माणसाची परीक्षा होते. तेल आणि पाणी एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण अंड्याच्या बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं तेलाच्या बारीक थेंबांभोवती वेष्टन घालून त्यांना लिंबाच्या पाण्यात नांदायला लावतात. थेंब जितके बारीक आणि दाटीवाटीने बसलेले, तितका लेप घट्ट. त्यासाठी तेल सुरुवातीला थेंबथेंब सोडावं लागतं. आणि जन्मभर पावत्यांवर एकेक सही करण्यात ज्यांनी धीर दाखवला, ते गृहस्थ नेमके इथे घाई करतात. मग मिश्रण फाटतं, वर तेलाचा तवंग येतो आणि खाली पिवळट पाणी उरतं. इलाज आहे : नवा बलक घ्यायचा आणि फाटलेलं मिश्रण त्यात पुन्हा थेंबथेंब घालायचं. इथे चिक्कू माणूस आणि कारभारी यांच्या वाटा कायमच्या वेगळ्या होतात. चिक्कू माणूस तीस रुपयांवर पाणी सोडतो आणि दुसरं अंडं वाचवतो. कारभारी दुसरं अंडं फोडतात आणि मग तिसरंही. तेल वाया जाऊ नये म्हणून घरातलं बाकी सगळं वाया घालवण्याची त्यांची तयारी असते. ही वृत्ती काटकसरीची नाही, ती श्रद्धेची आहे. कामाला आलेली वस्तू पुन्हा कामाला येतेच, यावर त्यांचा गाढ विश्वास असतो. ज्या माणसाला कचेरीने साठाव्या वर्षी शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं, त्याने हा विश्वास का धरू नये, हे निराळंच.

कच्च्या अंड्याची भीती त्यांना कोणी घालायला जाऊ नये. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली, ही बातमी त्यांनी कात्रण काढून ठेवलेली असते. तिच्या आधारे ते दुधाच्या मेयोनीजकडे वळतात. थंड दूध एक भाग, तेल दोन भाग, वर लिंबू. बलकाचं काम तिथे दुधातली प्रथिनं करतात. चतुर्थीलाही अडचण नाही, असं ते वर सांगतात. तेलाचं प्रमाण तेवढंच राहतं याचा त्यांना मनातून आनंद असतो.

मग हे मेयोनीज लागतं कसं? फोडणीत जुनं तेल लपतं. तडतडणारी मोहरी, हिंग, कढीपत्ता, लाल तिखट एवढ्यांच्या गलक्यात त्याचा आवाज कोणाला ऐकू येत नाही. मेयोनीजमध्ये तेल कच्चंच खायचं असतं, म्हणून पट्टीचे लोक तिथे वास नसलेलं तेल वापरतात. कारभाऱ्यांच्या वाटीत मात्र आधी चिवडा बोलतो, मग भजी बोलते आणि शेवटी जिभेच्या मुळाशी एक खवट कुजबुज उरते. थंडगार, आंबट, चमच्याने खायची भजी म्हणजे काय हे ज्यांना जाणून घ्यायचं असेल त्यांनी ही वाटी चाखावी. नातवंडं एक घास घेतात आणि ‘आजोबा, छान आहे’ म्हणून पाणी प्यायला जातात.

यावर कारभाऱ्यांचं उत्तर तयार असतं : अमेरिकेत बेकनच्या चरबीचं मेयोनीज करतातच की! करतात. पण डुकराच्या त्या खारवलेल्या पट्ट्या तव्यावर टाकल्या की त्यांचीच चरबी पाझरते. ती चरबी तिथे मिळवलेली असते, वापरून उरलेली नव्हे. तिचा धुरकट, खारट वास हाच त्या पदार्थाचा हेतू. आपल्या कढईतल्या तेलाने तीन घाणे काढलेले असतात आणि त्याचा वास हा अपघात. शिवाय बेकनची चरबी थंडीत गोठते आणि तिचे कण थेंबांभोवतीचं वेष्टन टोचून फाडतात, म्हणून जाणकार तीत पातळ तेल मिसळतात. वनस्पती तुपात तळलेल्या करंज्यांचं उरलेलं तूप मेयोनीजला घेणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये हाच धडा दाणेदार अक्षरांत लिहिलेला सापडतो. एक मात्र खरं की चुलीशेजारी चरबीचा डबा ठेवणारा हा माणूस फक्त मराठी नाही. १९४२मध्ये अमेरिकी सरकारने गृहिणींना उरलेली चरबी गाळून खाटकाकडे जमा करायला सांगितलं होतं, कारण तिच्यातल्या ग्लिसरीनपासून स्फोटकं बनत. डिस्नेने त्यासाठी मिनी माऊसचा छोटा प्रचारपटसुद्धा काढला. आपल्या कारभाऱ्यांचं दुःख एवढंच की त्यांच्या बरण्या मागायला कोणतंही सरकार दारात आलं नाही.

अधिक अभ्यासू कारभारी रसायनशास्त्र काढतात. तळताना पदार्थातल्या पाण्याने तेलाचे रेणू तुटतात आणि त्यातून मोनोग्लिसराइड, डायग्लिसराइड तयार होतात. हीच मंडळी ४७१ या आकड्याखाली ब्रेडच्या आणि आइस्क्रीमच्या वेष्टनांवर तेल-पाणी जुळवणारे म्हणून मिरवतात. तेव्हा आपलं तेल मेयोनीजसाठी नव्यापेक्षा सरसच! युक्तिवाद अर्धा खरा आहे आणि म्हणूनच त्याला उत्तर देणं भाग आहे. तुटलेले रेणू एकटे येत नाहीत. त्यांच्यासोबत मोकळी मेदाम्लं येतात, हवेशी संयोग होऊन खवटपणा येतो, तेल चिकट होतं, लवकर धुरावतं. या साऱ्या बिघाडाचं एक माप आहे आणि १ जुलै २०१८पासून आपल्याकडे नियम आहे की तेलातल्या अशा ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांपलीकडे गेलं की ते तेल खाण्यात वापरायचं नाही. घरात ते मोजायचं यंत्र नसतं, हे खरं. पण कढईत साबणासारखा फेस चढू लागला की यंत्राची गरजही नसते. हा फेस त्याच मोनो-डाय मंडळींच्या करामतीतला, हे मात्र अभ्यासू कारभारी सांगायला विसरतात.

‘आमच्या आजीने जन्मभर तेच तेल वापरलं आणि नव्वद वर्षं जगली,’ हा त्यांचा शेवटचा बाण. आजी जगली, पण तिच्या घरात कढई चढायची ती सणाला आणि पाहुण्याला. तेल तोलून यायचं आणि उरायचं ते पळीभर. बरणीत भरून चिठ्ठी लावायला उरायचंच काय? तेल महाग झालं म्हणावं, तर तेही खरं आहे. आपण खातो त्यातलं निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून येतं आणि सप्टेंबर २०२४मध्ये आयातशुल्क वाढलं तेव्हा फोडणीचाही भाव वाढला. पण महागाईवरचा उपाय कढईत कमी तेल ओतण्यात आहे. तो उपाय कारभारी कधीच सुचवत नाहीत. तेल कमी ओतलं तर उरणार काय?

मग या तेलाचं करावं काय, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यात माझी सहानुभूती पूर्णपणे कारभाऱ्यांच्या बाजूने आहे. मोरीत ओतलं तर नळीत साका धरतो आणि सोसायटीचा प्लंबर अख्ख्या मजल्याकडे संशयाने पाहतो. समईत घालावं तर घरातली म्हातारी आडवी येते, कारण देवाला तळणीचं उष्टं तेल चालत नाही. या बाबतीत देव अन्न सुरक्षा प्राधिकरणापेक्षा कडक. वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करण्याची सरकारी मोहीम २०१८पासून आहे, पण तिचा रोख हॉटेलं आणि फरसाणवाले यांच्याकडे, जिथे तेल पिंपाने निघतं. चार जॅमच्या बरण्यांसाठी टेम्पो कोण पाठवणार? तेव्हा फाटकाच्या बिजागऱ्यांना, कुलपांना आणि शेजाऱ्यांच्याही कुलपांना तेल घालून झालं की कारभारी साबणाकडे वळतात. मेयोनीज फसलं त्या आठवड्यातच ते कॉस्टिक सोडा आणतात आणि तो ग्रॅमवर मोजावा लागतो म्हणून इलेक्ट्रॉनिक काटाही आणतात, ज्याच्या किमतीत तेलाच्या दोन नव्या पिशव्या आल्या असत्या. वड्या चार आठवडे वाळवायच्या असतात, त्यामुळे बाल्कनीत तेवढे दिवस कपडे वाळत घालायला बंदी असते. हा साबण अंगाला कोण लावणार, असं सून विचारते तेव्हा ते म्हणतात की तो भांड्यांसाठी आहे. आणि मावशींनी त्यातली एक वडी नाकाशी नेऊन ‘काका, याला भज्यांचा वास येतोय’ असं म्हणत ती आधीच परत ठेवलेली असते.