तीन अंकी नकार

बिघाड व्हायचाच असेल तर तो आपल्या योग्यतेला साजेसा व्हावा, अशी एक सुप्त महत्त्वाकांक्षा माझ्या ठायी वास करून आहे. आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ भाड्याच्या एका लिनक्स यंत्रावर चालते आणि त्याची मुखत्यारी, दुसरे कोणी ती घ्यावयास तयार नाही या एकाच गुणावर, माझ्याकडे चालत आली आहे. संकेतस्थळ बंद पडल्याची वर्दी आली, की प्रथम मला परकीय आक्रमणाचा भास होतो. मग लिनक्सच्या गाभ्यातच आजवर कोणास न दिसलेला एखादा दोष मला दिसू लागतो. आणि १९९१ साली फिनलंडमध्ये विद्यार्थिदशेत असताना ज्यांनी तो गाभा प्रथम लिहिला, त्या लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी मला धाडावयाच्या आभारपत्राचा मायनाही मी मनोमन ठरवून टाकतो. प्रत्यक्षात एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फायलीत कोणाकडून तरी ओळीअखेरचा एक अर्धविराम राहून गेलेला असतो. अर्धविरामांच्या टेकूवर ज्याने आपले सारे गद्य उभे केले, त्याच्या पांडित्याला याहून मर्मभेदक आव्हान कोणते असणार?

परवाच्या बिघाडात मात्र सर्व अर्धविराम जागच्या जागी होते. जुन्या मासिकांचे अंक स्कॅन करून आम्ही नुकतेच वाचकांसाठी खुले केले होते, आणि ते पाहू इच्छिणाऱ्या एका वयोवृद्ध सभासदांचा फोन आला. "अहो, हे फॉरबिडन म्हणतंय," ते चाचरत म्हणाले, "पण माझी वर्गणी मार्चअखेरपर्यंत भरलेली आहे हो. पावती आहे माझ्यापाशी, हवी तर घेऊन येतो." "काका, बघतो मी," असे म्हणून, त्या शब्दांत मावेल तितके गांभीर्य ओतून, मी आसनस्थ झालो.

शिरस्त्याप्रमाणे प्रथम कॉन्फिगरेशन तपासण्याची आज्ञा दिली. सर्व्हरने व्याकरण निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला. ही परीक्षा मुख्यतः व्याकरणाचीच असते. वाचकाला आत प्रवेश मिळेल किंवा कसे, याच्याशी तिला कर्तव्य नसते. माझे निबंधही या परीक्षेत बहुधा उत्तीर्ण होतील. मग सर्व्हरचा त्रुटींचा रोजनामा उघडला. तेथे तेरा क्रमांकाची त्रुटी, परवानगी नाकारल्याचा शेरा आणि जी फाईल अडली तिचा संपूर्ण मार्ग, इतके सारे सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवलेले होते.

येथे युनिक्सच्या परवानगीपद्धतीविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून मला राहवत नाही. घरात हे दोन शब्द मी सुरू करताच मंडळींना स्वयंपाकघरातील कामे आठवतात, म्हणून येथेच लिहितो. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ज्या युनिक्सचा पाया घातला, त्याच्या परंपरेत प्रत्येक फायलीला मालक, गट आणि इतरेजन असे तीन हक्कदार, आणि वाचणे, लिहिणे, चालवणे असे तीन हक्क असतात. त्यांचे मोल अनुक्रमे ४, २ आणि १. फोल्डरच्या बाबतीत मात्र या तिसऱ्या हक्काचा अर्थ, त्यातून पलीकडे जाण्याची मुभा, एवढाच. गडावर एकामागून एक दरवाजे असावेत आणि प्रत्येक देवडीवर निराळे दस्तक मागितले जावे, तसा हा बंदोबस्त आहे; बालेकिल्ल्यातील सदर सताड उघडी असली तरी खालच्या दरवाजात अडलेल्याला तिचा उपयोग शून्य. शिवाय ज्याला वाचण्याचा हक्क आहे पण जाण्याचा नाही, त्याला आतल्या वस्तूंची नावे तेवढी दिसतात, वस्तू मिळत नाही; आणि ज्याला जाण्याचा हक्क आहे पण वाचण्याचा नाही, त्याने इकडेतिकडे न पाहता, नेमके नाव ठाऊक असेल त्याच वस्तूपाशी जावे. इतकी शालीन अट घालणारे दुसरे शास्त्र माझ्या माहितीत नाही, आणि तिच्या स्तुतीत मी आणखी चार पृष्ठे सहज खर्ची घातली असती.

झाले होते ते असे. एका उत्साही कार्यकर्त्याने सारे अंक स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवले होते; आणि उबुंटू या लिनक्सच्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या होम फोल्डरांना ७५० अशी परवानगी मिळते, म्हणजे इतरेजनांच्या वाट्याला शून्य. आणि अंक वाढून देणारा एन्जिनएक्सचा सेवक तेथे निव्वळ इतरेजन होता. अशा प्रसंगी सर्वांना सर्व हक्क बहाल करणारे ७७७ चे फर्मान काढावे, असे जो तो सुचवतो. म्हणजे दरवाजा उघडेना म्हणून तटच पाडावा. मी अंकांची रवानगी संकेतस्थळासाठी राखलेल्या जागी केली आणि मार्ग बदलून सर्व्हरला नवी कॉन्फिगरेशन वाचावयास लावले. दुरुस्ती इतकी क्षुल्लक निघाली, की माझी प्रतिष्ठा राखण्यासाठी काकांना मी संध्याकाळपर्यंत फोन केला नाही.

ती पावती मात्र मनातून जाईना. वेबवरील देवाणघेवाणीच्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या नियमांप्रमाणे ५ ने आरंभ होणारे आकडे सर्व्हरचा दोष सांगतात, आणि ४ ने आरंभ होणारे आकडे मागणाराच चुकला असावा असे सुचवतात. काकांना दिसलेल्या 'फॉरबिडन'चा ४०३ हा आकडा त्या दुसऱ्या वर्गातला. आतली वाट परक्याला कळू नये हे मलाही मान्य आहे. पण कारण आत दफ्तरात लिहिलेले आणि अर्जदाराच्या हाती नुसता नकार, ही रीत आपल्या परिचयाची आहे, आणि तिच्यावर उतारा म्हणून २००५ साली माहितीचा अधिकार कायद्याने द्यावा लागला. आयुष्यभर खिडक्यांसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला नकार दिसताच तो आधी स्वतःचे खिसे चाचपतो. दार आम्ही लावले होते आणि पावती ते शोधीत होते, याचा मला त्या दिवशी खरोखर संताप आला.

एन्जिनएक्समध्ये एका ओळीने ४०३ ऐवजी आपले पान दाखवता येते. ते मी मराठीत लिहिले: "वाचकहो, हे पान आपणांस दिसत नाही यात आपला दोष नसावा; व्यवस्था आमचीच चुकली असण्याचा संभव अधिक. कृपया कळवावे." मजकूर पुनःपुन्हा घासला, खाली हुद्द्यासह स्वाक्षरी केली. माझ्या समग्र लेखनात इतके निर्दोष गद्य दुसरे नाही. तेव्हापासून परवानग्या इतक्या चोख आहेत, की ते अद्याप एकाही वाचकाच्या दृष्टीस पडलेले नाही. आणि निवांत दुपारी यंत्रासमोर बसलो, की एखाद्या फोल्डरचा तो तिसरा हक्क, अगदी घटकाभरच, काढून घ्यावा असा मोह मला वारंवार होतो.