नानांचा फेरफार

सायकल चालविणाऱ्या मनुष्यापासून समाजाला फारसा उपद्रव नसतो. तो पहाटे निघतो, घामाघूम होऊन परततो, चार केळी खातो आणि झोपी जातो. उपद्रव होतो तो सायकल जुळविणाऱ्यापासून, आणि हा गृहस्थ आपल्याही आळीत असणारच, म्हणून त्याची रीतसर ओळख करून देण्यात मी वेळ दवडीत नाही. आमच्या चाळीसगावच्या नमुन्यास सारे नाना म्हणतात. महसूल खात्यात अव्वल कारकुनी करून ते निवृत्त झाले आहेत. परवा माझ्याकडे चहाला आले असता, बशी हातात घेण्यापूर्वीच आमच्या जिन्याकडे बोट रोखून त्यांनी जबाब घेण्याच्या स्वरात विचारले, "चौथी नि पाचवीमा अंतर जास्ती शे. मधली कोठे शे?"

हा प्रश्न ते सर्वांस विचारतात. सकाळची धुळ्याची गाडी सुटून गेली की पुढच्या गाडीच्या वेळेकडे पाहून ते खिडकीतल्या बाबूस "मधली कोठे शे?" म्हणून खुलासा मागतात. पुतण्यासाठी स्थळ पाहावयास गेले, तेव्हा थोरली पंचवीस वर्षांची व धाकटी वीस वर्षांची असे ऐकताच त्यांनी वधूपित्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिने ती सोयरीक तेथेच बारगळली. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे जुनी पिढी आणि नवी पिढी यांच्यावर ओघवते बोलत असता नाना मागच्या रांगेतून उभे राहिले. पुढे काय झाले ते सांगण्याची आवश्यकता नाही.

या व्याधीचे मूळ मागच्या चाकात आहे. आपल्या वाडवडिलांच्या काळ्या सायकलीस मागे एकच फ्रीव्हील असे, बहुधा १८ दात्यांचे, आणि त्यावर माणसे बायको, मूल व गव्हाचे पोते एकदम वाहून नेत. आता त्या जागी लहानमोठ्या चक्रांचे एक जुडगे असते. त्यास कॅसेट म्हणतात. नऊ चक्रांची जी एक कॅसेट बाजारात सर्रास मिळते, तिच्यावरील दाते ११, १२, १४, १६, १८, २१, २४, २८ व ३२ अशा क्रमाने चढत जातात. तुमच्याआमच्यासारखा मनुष्य हा क्रम वाचीतही नाही, पैसे देऊन घरी येतो. नानांस मात्र १४ च्या पुढे १६ दिसताच धाप लागते आणि १८ च्या पुढे २१ पाहून तर एखाद्याच्या सातबाऱ्यावरून दोन वारस परस्पर गाळले गेल्यासारखा त्यांचा संताप होतो. उलट ११ आणि १२ ही चक्रे त्यांच्या मते निव्वळ पोटखराबा, कारण ज्या उतारावर ती उपयोगी पडावयाची, तेथे शहाण्याचे दोन्ही हात ब्रेकवर असतात.

म्हणून त्यांनी स्वतःचा क्रम ठरविला: १३, १४, १५, १७, १९, २१, २४, २८, ३२. तो कोणताही कारखाना त्यांच्यासाठी काढावयास तयार नसल्यामुळे नानांनी तीन वेगवेगळ्या कॅसेटी विकत घेतल्या आणि ज्या गृहस्थाने १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची अंमलबजावणी हयातभर कसोशीने केली, त्याने स्वहस्ते त्यांचे सत्तावीस तुकडे केले. तिसरी कॅसेट घेतली ती केवळ तिच्या सर्वांत बाहेरच्या तेराच्या चक्रासाठी. कारण ज्या चक्रावर कुलपाची गोल चकती आवळावयाची, ते त्याच जागेसाठी घडविलेले असावे लागते, मधल्या फळीतले तेरा तेथे चालत नाही. चक्रांना एकत्र धरणाऱ्या बारीक रिव्हेटांची डोकी कानशीने घासून काढणे, सुटलेली चक्रे डिझेलमध्ये भिजत घालणे, दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने त्यांच्या फटी स्वच्छ करणे, हे सर्व घरातल्या पितळी परातीत चालते. काकूंनी एकदाच हरकत नोंदविली. कणकेचे पीठ हातात घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आते मनी परात कोठे शे?"

प्रत्येक चक्राची नोंद एका जाड वहीत होते. तिच्यावर नानांनी ठसठशीत अक्षरात 'फेरफार' असे लिहिले आहे. चक्र कोणत्या कॅसेटीतून निघाले, कोणत्या कॅसेटीत गेले, दाते किती, झीज कितपत, शेरा काय, असे सारे रकाने त्यात आहेत. आणि नोंद झाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत ठेवून मगच ती प्रमाणित केली जाते. या मुदतीत ती सायकल कोणीही वापरीत नाही.

हे काम सोपे आहे अशी कोणाची समजूत असेल तर तिचे निरसन केले पाहिजे. नऊ चक्रांच्या कॅसेटीत एका चक्रापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ४.३४ मिलिमीटर असते, आठ चक्रांच्या कॅसेटीत ४.८. पहिल्या खेपेस नानांनी अनवधानाने हे अंतर राखणाऱ्या आठवाल्या चकत्या मध्ये घातल्या आणि एका फटीतली अर्ध्या मिलिमीटरहून कमी चूक आठ फटींत साचून साडेतीन मिलिमीटरांच्या वर गेली, त्यामुळे चेन एका चक्रावर चढावयाची ती दोहोंच्या सांदीत तळ ठोकून बसली. शिवाय प्रत्येक चक्राच्या अंगावर जे सूक्ष्म उतार व खाचा कोरलेल्या असतात, त्या मूळच्या शेजाऱ्याचे माप धरून. शेजारी बदलला की चेन पाऊल टाकताना अडखळते आणि कट् असा आवाज करते. हा आवाज काढून टाकण्यासाठी नाना रात्री चाक टांगून, कान लावून बसतात. आमच्या भिंतीस भिंत लागून आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर कन्नडच्या घाटासाठी. खानदेशातून मराठवाड्यात चढणारा हा घाट, १८२५ साली ज्याने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, त्या जेम्स औट्रमच्या नावाने ओळखला जातो; पण नानांच्या लेखी तो भास्कराचार्यांचा प्रदेश आहे. जवळच पाटणे येथे आचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला, आणि 'लीलावती'तले त्रैराशिक ठाऊक असलेल्या भूमीत मनुष्याने २४ वरून २८ वर, म्हणजे सोळा टक्क्यांहून मोठी उडी मुकाट्याने मारावी, याची नानांस शरम वाटते. शेवटच्या तीन चक्रांत ही उडी त्यांस अद्यापि टाळता आलेली नाही, हा विषय मी काढीत नाही. फ्रान्समधील प्रख्यात तूर द फ्रान्स शर्यतीत १९३७ पर्यंत गिअर बदलण्याच्या यंत्रास मज्जाव होता, कारण तिचे संस्थापक आंरी देग्रांज यांच्या मते ती सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी होती, असे मी एकदा त्यांस डिवचण्याच्या हेतूने सांगितले. नानांनी क्षणभर हिशेब केला व आपण पात्र आहोत एवढेच म्हणून ते पुन्हा परातीत वाकले.

वास्तविक नाना घाट चढतच नाहीत. गुडघा गेला आहे. ज्या दिवशी खात्याने त्यांस ५८ व्या वर्षी नारळ व शाल दिली, त्या संध्याकाळपर्यंत त्यांच्या मेजासमोर सबंध तालुका हात जोडून उभा असे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर दूधवाल्याखेरीज कोणी आले नाही. या दोन दिवसांच्या मध्ये काय असते, हा प्रश्न त्यांनी कोणासही विचारल्याचे मला स्मरत नाही. पहिली कॅसेट त्यांनी त्याच महिन्यात फोडली. आमच्या गावाला अशा माणसांचे वावडे नाही. केकी मूस यांनी याच गावात स्टेशनाजवळच्या घरात वर्षानुवर्षे स्वतःस कोंडून घेऊन मेजावर देखावे उभारले आणि त्यांची छायाचित्रे काढली. त्यांच्याशी नानांची तुलना करण्याचा माझा इरादा नाही, आणि ती करण्यास नाना अत्यंत उत्सुक आहेत हेही मला ठाऊक आहे.

अखेरीस तयार झालेली कॅसेट त्यांनी पाटण्याकडच्या एका तरुणास दिली. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर कापण्याची ब्रेव्हे नावाची सायकलफेरी त्यास पुरी करावयाची होती आणि चाकावर घालण्यास त्याच्याजवळ पैसे नव्हते. घाट चढून तो परत आला तेव्हा नाना, काकू आणि मी ओट्यावर बसलो होतो.

"सतरावरथून एकोणीसवर कव्हय गया?" नानांनी विचारले.

"नाना, मले ते काही समजनंच नही. मी आपला चढी गऊ."

आता काही तरी फुटणार, अशा अपेक्षेने मी चपला शोधू लागलो. पण नाना आत गेले, वही घेऊन आले, आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरात त्यांनी लिहिले: 'घाटात चक्र बदलल्याचे स्वारास समजून आले नाही.' खाली तरुणाची सही घेतली. मग दोन पंच हवे म्हणाले. एक सही काकूंची आहे, तिच्यावर पिठाचा डाग आहे. दुसरी माझी आहे, आणि हरकतीची पंधरा दिवसांची मुदत मी तशीच जाऊ दिली.