ठरता ठरता

करंजात मुलगी बघायला गेलेली मंडळी चहाच्या दुसऱ्या कपाला होकार देऊन मोकळी होतात. नवी होडी बांधायची तरी एका पावसाळ्यात लाकूड, इंजिन, नाव सगळं ठरतं. ठरत नाही ते फक्त आमच्या या पोराचं ड्रम मशीन.

पोर म्हणायचं एवढंच, तिशीला टेकलाय. बाप नाखवा, आई मासळी विकते, आणि हा बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड बडवतो. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी आणि हळदीपेक्षा बेंजो मोठा, त्यामुळे मान आहे. पण त्याचा जीव अडकलाय हार्ड टेक्नोत. मिनिटाला १४५ ते १६० ठोके, गाणं नाही, कडवं नाही, फक्त छातीत बसणारी किक. आई त्याला ‘ती गिरण’ म्हणते. हे संगीत त्याला स्वतः बनवायचं आहे आणि तेही लॅपटॉपशिवाय. रेवसच्या लाँचमध्ये चुकून त्याच्या शेजारी बसलात, तर खाडी ओलांडायच्या पाव तासात ‘लॅपटॉप का नको’ एवढंच होतं. मशिनांची पाळी परतीच्या फेरीला.

लॅपटॉप का नको, याचं त्याचं पहिलं उत्तर तात्त्विक असतं. “काका, समोर स्क्रीन आली की माणूस ऐकायचा थांबतो आणि बघायला लागतो.” मला हे पटतं. पण खरं कारण वेगळं आहे. त्याच्या घरी लॅपटॉप होता, आणि कोळीवाड्यात ज्याच्या घरी लॅपटॉप त्याचं घर म्हणजे सेतू केंद्र. हा कानाला हेडफोन लावून बसला की दारात आत्या उभी, हातात आधार कार्ड, पासबुक आणि लाडक्या बहिणीचा अर्ज. तिच्यामागे अकरावीच्या ॲडमिशनची पोरं. किकच्या मागे घुमणारी शेपटी कापत असताना कुणी “ओटीपी आला रे” म्हणून ओरडलं की ती कुठे कापायची ते कळत नाही. शेवटी खाऱ्या हवेने की-बोर्ड गेला, तेव्हा अख्खा वाडा हळहळला. एकटा हाच सुटल्यासारखा दिसत होता. ड्रम मशीनवर कुणाला सातबारा काढता येत नाही.

तर मशीन. त्याची भक्ती रोलँडच्या टीआर-९०९वर. ही १९८३-८४ एवढीच निघाली, दहा हजार नगांच्या आसपास. तिच्यातली किक सर्किटमधून तयार होते, झांजा मात्र खऱ्या झांजांचं रेकॉर्डिंग. हे तो देवीच्या यात्रेची आख्यायिका सांगावी तसं डोळे मिटून सांगतो. जुनी ९०९ आज लाखांत जाते, म्हणजे तो रस्ता बंद. मग तो मुंबईवर येतो. चरणजित सिंग हे सिनेसंगीतातले वादक. त्यांनी १९८२ साली मुंबईतच रोलँडची ८०८, ३०३ आणि ज्युपिटर-८ ही तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. पुढे शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ला पिळून ॲसिड हाऊस काढलं, ते त्यानंतर. २०१०ला परदेशात ती रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगाने तोंडात बोट घातलं. “लॅपटॉप होता का त्यांच्याकडे?” असं तो विचारतो आणि तुमच्याकडे असं बघतो, जणू तुम्हीच त्यांना द्यायला निघाला होतात.

आता बाजारात मिळतं त्याचं काय? टीआर-८एस चांगलं, अकरा वाद्यं, प्रत्येकाला स्वतंत्र फेडर, अंधारातही हात बरोबर जातो. पण सेलवर चालत नाही आणि आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. टीआर-६एस चार पेन्सिल सेलवर चालतं, पण वाद्यं सहाच. आर्टुरियाचं ड्रमब्रूट इम्पॅक्ट ॲनालॉग आहे, आवाज फाडायचं बटण अंगावरच आहे, पण आपला आवाज त्यात भरता येत नाही. आणि त्याला बापाच्या होडीचं इंजिन भरायचं आहे. डिजिटॅक्टमध्ये भरता येतं. “पण त्याला स्क्रीन आहे, काका.” एवढीशी तर आहे, मी म्हटलं. “आज एवढीशी आहे. उद्या त्याच्यातही कोणतरी फॉर्म भरायला येईल.”

सगळ्यात मोठी अट वेगळीच. मशीन कुठलंही घ्या, ते सोळा खान्यांचं. कोळीगीताची चाल तीन-तीनची, सोळात ती बसत नाही, शेवटी कुठेतरी कोपर बाहेर राहतं. म्हणून पॅटर्न बारा खान्यांवर तोडता आला पाहिजे: पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या खान्यावर किक आणि मधल्या जागांत आपली नाचरी चाल. हे त्याने मला धक्क्यावर, बर्फाच्या थर्माकोल पेटीवर वाजवून दाखवलं. उजव्या हाताची मूठ किकवर, डाव्या हाताची बोटं चालीवर. बोंबील निवडणाऱ्या दोघी जणी नकळत खांदे हलवायला लागल्या. पेटी मात्र कोपऱ्यात फुटली आणि मालकाने त्याला आठवडाभर टेक्नो ऐकवला, तोंडी.

मग घेत का नाही? त्याचं गणित साधं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेव्हा वेळच वेळ, पैसा नाही. ऑगस्टला होड्या निघाल्या की पैसा येतो, वेळ जातो. मग हळदी लागतात. पुन्हा जून उजाडेपर्यंत कुठल्या तरी कंपनीने नवीन काढलेलं असतं. २०१७ला डिजिटॅक्ट, २०१८ला ८एस, २०२०ला ६एस, २०२४ला डिजिटॅक्टचा दुसरा अवतार. प्रत्येक वेळी हा मुंबईत धोबी तलावाला, वाद्यांच्या दुकानात जाणार, एवढ्यात बातमी. आईने एकदा ऐकवलंच. “कल्लं लाल हान का बघावं न घ्यावं. यवरा इचार मी तुज्या बापाचापन नव्हता केला.”

गंमत अशी की त्याच्या सल्ल्याने तालुक्यातल्या कितीतरी पोरांनी मशीनं घेतली. कुणाला केबल कुठली, कुणाला सेल कुठले, सगळं याला पाठ. माझा स्पष्ट आरोप आहे की त्याला मशीन नकोच आहे. घेतलं तर ते एकच असेल; न घेतल्याने सगळी त्याचीच आहेत. हे मी तोंडावर बोललो, तर म्हणाला, “काका, या गणपतीपर्यंत नक्की.” कुठल्या, ते विचारायचं मी सोडलंय.

परवा वाड्यातल्याच एका हळदीत ऑक्टोपॅडचा अडॅप्टर गेला. पार्टीच्या मालकाकडे ६एस होतं, अर्थात याच्याच सल्ल्याने घेतलेलं आणि पिशवीतून कधी न निघालेलं. याने सेल टाकले, पॅटर्न बारावर तोडला, ठोका १५०ला नेला आणि किक स्पीकरला लावली. आधी पोरं नाचली, मग आत्या, मग लाडक्या बहिणीच्या अर्जाची पूर्ण रांग. नवरा हळदीच्या पाटावरून उठून आला. लोक म्हणाले, आता हेच घे. हा म्हणाला, “वाईट नाही. पण सहाच वाद्यं.”

बरोबर दहाला पोलिसांची जीप आली. मशीन बंद. हवालदारांनी मंडपात येऊन आधी मशीनकडे बघितलं, मग याच्याकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाले, “आमचा बारका पण ऑक्टोपॅड वाजवतो. त्याच्यासाठी यातलं कुठलं घ्यावं?”

त्याने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. “साहेब, आधी मला सांगा, घरात लॅपटॉप आहे का?”

साडेबाराला जीप मंडपाबाहेर उभीच होती. ड्रायव्हर आत जेवत होता.